टाकीतले आर्टिमिसिनिन, शेतातले आर्टिमिसिनिन : एक प्रकरण अभ्यास

इटलीच्या पिएमाँते प्रांतात, तानारो नदीच्या खोऱ्यात, गारेसिओ नावाचे एक लहान गाव आहे. सानोफी या फ्रेंच औषध कंपनीच्या तेथील कारखान्यात, जनुके बदललेल्या यीस्टने बनवलेल्या कच्च्या द्रव्यापासून वर्षाला ६० टनांपर्यंत आर्टिमिसिनिन तयार करू शकेल अशी यंत्रणा उभारली गेली होती. हिवतापावरच्या या औषधद्रव्याची जगाची गरज पाहता त्या गरजेचा सुमारे एक तृतीयांश भाग एवढ्या उत्पादनातून भागला असता. २०१५ या संपूर्ण वर्षात त्या यंत्रणेतून आर्टिमिसिनिन अजिबात बाहेर पडले नाही. यीस्टचा वाण बिघडला नव्हता, तयार मालाच्या शुद्धतेबद्दल वाद नव्हता, आणि हिवतापही जगातून गेलेला नव्हता.

संश्लेषी जीवशास्त्राची, म्हणजे सजीवांच्या पेशींची हवी तशी नवी जुळणी करणाऱ्या शास्त्राची, ओळख करून देताना जवळजवळ प्रत्येक अभ्यासक आर्टिमिसिनिनचे उदाहरण देतो, आणि ते रास्तही आहे. एखाद्या सूक्ष्मजीवात परके जनुक घालून त्याच्याकडून इन्सुलिनसारखे एखादे प्रथिन बनवून घेणे ही १९७० च्या दशकापासूनची विद्या आहे. परंतु वनस्पतीतील एक संपूर्ण जैवरासायनिक वाट उचलून ती दुसऱ्याच सजीवात बसवणे, तिचा प्रत्येक टप्पा मोजणे, जेथे माल तुंबतो तेथे दुरुस्ती करणे आणि अखेरीस टनावारी औषध काढणे, इतका लांबचा पल्ला त्याआधी फारसा कोणी गाठलेला नव्हता. मात्र ही कहाणी सांगणारे बहुतेक जण २०१३ सालच्या यशापाशी थांबतात, आणि टीका करणारे थेट २०१५ च्या शून्यापासून सुरुवात करतात. प्रस्तुत लेखात हे दोन्ही भाग एकत्र ठेवले आहेत. माझे म्हणणे असे आहे की विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर या प्रकल्पाने पुरेपूर दिले, पण प्रश्न २००४ सालच्या टंचाईतून निघाला होता आणि उत्तर भरपूर पुरवठ्याच्या काळात येऊन पोहोचले.

झाड, औषध आणि भावाचे हेलकावे

आर्टिमिसिया ॲन्युआ ही वर्षायू वनस्पती मूळची आशियातली असून चिनी भाषेत तिला छिंगहाओ म्हणतात. चैत्रात जोतिबाला वाहिला जाणारा आपला दवणा हाही याच आर्टिमिसिया प्रजातीतला आहे, आणि दवण्याच्या सुगंधी तेलातील प्रमुख घटक ज्या सेस्क्विटर्पीन नावाच्या रसायनगटात मोडतो त्याच गटात आर्टिमिसिनिनही मोडते. पंधरा कार्बन अणूंचा सांगाडा हे या गटाचे लक्षण आहे.

व्हिएतनाम युद्धाच्या काळात क्लोरोक्विन या तेव्हाच्या प्रचलित औषधाला न जुमानणाऱ्या हिवतापाने उत्तर व्हिएतनामचे सैन्य जेरीस आले होते. त्यावर नवे औषध शोधण्यासाठी चीनने २३ मे १९६७ रोजी एका गुप्त प्रकल्पाची बैठक घेतली आणि त्या तारखेवरूनच प्रकल्पाला ५२३ हे नाव मिळाले. १९६९ साली बीजिंगमधील पारंपरिक औषधविद्येच्या अकादमीतील तू यूयू यांच्याकडे एका गटाचे नेतृत्व आले. जुन्या वैद्यकग्रंथांतील शेकडो नोंदी तपासताना त्यांच्या गटाला छिंगहाओचे अर्क कधी गुण देतात आणि कधी देत नाहीत असे आढळले. चौथ्या शतकातील गे हाँग यांच्या नोंदीत मूठभर छिंगहाओ पाण्यात भिजवून, पिळून, तो रस प्यावा असे सांगितले होते. उकळण्याचा उल्लेख तेथे नव्हता. उष्णतेने गुणकारी द्रव्य नष्ट होत असावे असा तर्क करून तू यूयू यांनी कमी तापमानाला उकळणाऱ्या ईथरने अर्क काढला, आणि ४ ऑक्टोबर १९७१ रोजी १९१ क्रमांकाच्या नमुन्याने उंदरांमधील हिवतापाच्या परजीवींचा पूर्ण नायनाट केला. पुढच्याच वर्षी शुद्ध स्फटिक हाती आले. २०१५ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा तू यूयू यांना मिळाला. ज्या वर्षी गारेसिओत उत्पादन शून्य होते, तेच हे वर्ष.

ही उष्णतेची गोष्ट पुढे कामाला येते, म्हणून रेणूकडे क्षणभर पाहणे आवश्यक आहे. आर्टिमिसिनिनच्या रेणूत दोन ऑक्सिजन अणू एकमेकांना जोडून एक पूल तयार झालेला असतो, आणि औषधाची सारी ताकद या पेरॉक्साइड पुलात आहे. हिवतापाचा परजीवी तांबड्या पेशीत शिरून हिमोग्लोबिन पचवतो, त्यातून लोहयुक्त हीम मोकळे होते, हे लोह पूल तोडते, आणि त्यातून निर्माण होणारी क्रियाशील मूलके परजीवीचीच प्रथिने नासवतात. असा अस्थिर पूल रसायनशाळेत पहिल्यापासून बांधत जाणे शक्य आहे, तसे मार्ग प्रसिद्धही झालेले आहेत, पण पायऱ्या इतक्या आणि नासाडी इतकी की गरिबांच्या औषधासाठी तो मार्ग परवडणारा नव्हता. त्यामुळे जग झाडावर अवलंबून राहिले. झाड हे द्रव्य पानांवरच्या सूक्ष्म ग्रंथिल रोमांमध्ये साठवते, आणि सुक्या पानांच्या वजनात त्याचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास, अनेक वाणांत त्याहून बरेच कमी असते.

२००१ साली जागतिक आरोग्य संघटनेने फॅल्सिपेरम प्रकारच्या हिवतापावर आर्टिमिसिनिन गटातील औषध दुसऱ्या एखाद्या औषधाच्या जोडीने द्यावे अशी शिफारस केली. या संयुक्त उपचाराच्या खरेदी झालेल्या मात्रा २००५ साली जगभरात सुमारे १ कोटी १० लाख होत्या. २०१३ साली त्या ३९ कोटींवर गेल्या. मधल्या काळातील मागणीचा अंदाज कोणालाच नीट बांधता आला नाही. २००४-०५ मध्ये टंचाई झाली तेव्हा किलोचा भाव हजार डॉलरच्या वर गेला; तो पाहून चीन, व्हिएतनाम आणि पूर्व आफ्रिकेतील शेतकऱ्यांनी धडाक्याने लागवड केली, आणि २००७ पर्यंत भाव दोनशे डॉलरच्या आसपास कोसळला; लागवड मोडली गेली, आणि पुढच्या चार वर्षांत भाव पुन्हा वर चढला. बी पेरल्यापासून गोळी पाकिटात जाईपर्यंत जवळजवळ दीड वर्ष जाते, म्हणजे आजचा भाव पाहून पेरणाऱ्याचा माल तो भाव उरलेला नसताना बाजारात येतो. लासलगावच्या बाजारात कांद्याचे हे गणित ज्यांनी पाहिले आहे त्यांना अधिक सांगायला नको. फरक इतकाच, की येथे भाव चढला की तुटवड्याचा फटका तापाने फणफणलेल्या लहान मुलांना बसतो.

यीस्टला दिलेले काम

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील जे कीसलिंग यांच्या प्रयोगशाळेत टर्पीन गटातील रसायने सूक्ष्मजीवांकडून करवून घेण्याचे प्रयत्न चालू होते. आर्टिमिसिनिन हे त्यांचे मूळ लक्ष्य नव्हते. अनेक टर्पीनपैकी कोणते निवडावे याचा विचार चालू असताना आर्टिमिसिनिनचा उपयोग लक्षात आला. २००३ साली या गटाने ई. कोलाय जिवाणूत यीस्टमधील मेव्हॅलोनेट ही वाट बसवून आर्टिमिसिनिनच्या सांगाड्याचा पहिला टप्पा असलेले ॲमॉर्फाडाइन मिळवले. त्याच वर्षी तेथील काही तरुण संशोधकांनी अमायरिस ही कंपनी स्थापन केली. डिसेंबर २००४ मध्ये बिल आणि मेलिंडा गेट्स फाउंडेशनने सॅन फ्रान्सिस्कोतील इन्स्टिट्यूट फॉर वनवर्ल्ड हेल्थ या ना-नफा संस्थेला ४ कोटी २६ लाख डॉलर दिले, त्यांतील ८० लाख बर्कलीला, १ कोटी २० लाख अमायरिसला आणि उरलेले त्या संस्थेला औषध म्हणून विकास करण्यासाठी. विद्यापीठ व कंपनी यांनी हिवतापाच्या औषधापुरते स्वामित्वशुल्क घ्यायचे नाही असे ठरले. उद्दिष्ट स्पष्ट होते: आर्टिमिसिनिनचा स्वस्त, स्थिर आणि हवामानावर अवलंबून नसलेला पुरवठा.

जिवाणूने ॲमॉर्फाडाइनपर्यंतचे काम उत्तम केले. २००९ पर्यंत त्याने लिटरमागे २५ ग्रॅमची मजल ओलांडली. पण पुढच्या टप्प्यात या तेलकट रेणूवर ऑक्सिजन बसवावा लागतो, आणि झाडात ते काम सायटोक्रोम पी-४५० वर्गातील एक विकर, म्हणजे एन्झाइम, करते. हे विकर पेशीच्या आतील पटलांवर बसून काम करणारे आहे, आणि जिवाणूच्या पेशीत तशी आतली पटले नसतात. यीस्टच्या पेशीत ती असतात. म्हणून दरम्यानच्या काळात यीस्टकडे वळण्याचा निर्णय झाला होता, आणि २००६ साली लिटरमागे १०० मिलिग्रॅम आर्टिमिसिनिक आम्ल तयार करणारा यीस्टचा वाण जाहीर झाला. हे आम्ल म्हणजे आर्टिमिसिनिन नव्हे. पेरॉक्साइड पूल अजून बांधायचा असतो. आणि उद्योगाच्या दृष्टीने १०० मिलिग्रॅम म्हणजे काहीच नाही, किमान अडीचशेपट वाढ हवी होती.

ही वाढ कशी साधली गेली हा या प्रकरणाचा सर्वांत शिकण्याजोगा भाग आहे, कारण येथे ‘जनुक घातले आणि औषध निघाले’ असा सोपा समज पार मोडून पडतो.

यीस्ट साखरेपासून असेटिल-कोए, त्यापासून मेव्हॅलोनेट, आणि पुढे फार्नेसिल पायरोफॉस्फेट हा पंधरा कार्बनचा रेणू स्वतःसाठीच बनवत असते. त्या रेणूपासून ते अर्गोस्टेरॉल तयार करते, आणि अर्गोस्टेरॉलवाचून त्याच्या पेशीचे आवरण उभे राहत नाही. झाडही आर्टिमिसिनिनकडे जाणारी वाट याच रेणूपासून फोडते. म्हणजे दोन अगदी वेगळ्या सजीवांच्या वाटा एका नाक्यापर्यंत एकच आहेत, आणि संशोधकांनी केले ते इतकेच की त्या नाक्यावर झाडाचे विकर बसवून वाहतूक वळवली. पाटाचे पाणी वळवताना जुना पाट पूर्ण बुजवला तर खालचे शेत वाळते, तसेच अर्गोस्टेरॉलकडे जाणारी वाट साफ बंद केली तर यीस्टच मरते. म्हणून त्या वाटेच्या तोंडावरील ईआरजी-९ या जनुकाला असा चालक, म्हणजे जनुकाचा जोर ठरवणारा डीएनएचा तुकडा, जोडला गेला की गरजेप्रमाणे ते मंद करता यावे. आधी यासाठी मेथिओनाइन हे अमिनो आम्ल वापरले जाई. मोठ्या टाकीत ते महाग पडले असते, म्हणून पुढे तांब्याच्या क्षाराला प्रतिसाद देणारा चालक बसवला गेला, कारण मोरचूद स्वस्त असते. त्याचप्रमाणे घातलेली जनुके जागी करण्यासाठी गॅलॅक्टोज ही महाग साखर लागत होती. ती जनुके दाबून ठेवणारे यीस्टचे स्वतःचे एक जनुक काढून टाकल्यावर तिचीही गरज उरली नाही. जनुकशास्त्रातील हे निर्णय किराणा दुकानदाराच्या हिशेबाने घेतले गेले आहेत, आणि मला ते या प्रकल्पातील सर्वांत प्रामाणिक निर्णय वाटतात.

वाण बदलून आणि मेव्हॅलोनेट वाटेतील जवळजवळ सर्व जनुकांचा जोर वाढवून ॲमॉर्फाडाइन लिटरमागे ४० ग्रॅमपर्यंत गेले. २०१२ मध्ये हा निकाल प्रसिद्ध झाला. परंतु तेच यीस्ट पुढचे आम्ल मात्र फारच कमी बनवत होते, आणि पेशी मरतही होत्या. तपासाअंती दोन दोष सापडले. पी-४५० विकराला इलेक्ट्रॉन पुरवणारा जोडीदार गरजेपेक्षा जास्त झाला की तो ऑक्सिजनचे घातक रूप मोकळे सोडत होता; त्याचे प्रमाण कमी केल्यावर आणि झाडातील सायटोक्रोम बी-५ हे मदतनीस प्रथिन जोडल्यावर पेशी सावरल्या. दुसरा दोष असा की ऑक्सिजन बसवण्याच्या तीन पायऱ्यांपैकी मधल्या पायरीवर आर्टिमिसिनिक आल्डिहाइड साचत होते आणि ते पेशीला विषारी ठरत होते. झाडात हे साचत नाही, याचा अर्थ झाडाकडे ते पुढे ढकलणारी आणखी विकरे असली पाहिजेत. कॅनडातील सॅस्काटून येथील राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या वनस्पती जैवतंत्रज्ञान संस्थेने ती झाडाच्या रोमांमधून शोधून काढली होती, आणि दोन डिहायड्रोजनेज विकरांची जनुके यीस्टमध्ये घालताच गाडी हलली. २०१३ साली क्रिस पॅडन आणि सहकाऱ्यांनी नेचर या नियतकालिकात लिटरमागे २५ ग्रॅम आर्टिमिसिनिक आम्लाचा निकाल प्रसिद्ध केला. उत्पादन इतके वाढले की आम्लाचे स्फटिक पेशींच्या बाहेर जमू लागले; ते वेचण्यासाठी टाकीत आयसोप्रोपिल मिरिस्टेट या तेलकट द्रवाचा थर ठेवून आम्ल त्यात ओढून घेण्याची युक्ती करण्यात आली. या साऱ्या कामाला सुमारे १५० मनुष्य-वर्षे लागली असा कीसलिंग यांचा अंदाज आहे.

निसर्गावरून प्रेरणा घेणे म्हणजे निसर्गाची नक्कल करणे, असा एक ढोबळ समज आहे. येथे घडले ते वेगळे. संशोधकांना झाडाची वाट जेथे पुरती ठाऊक नव्हती तेथे यीस्ट अडले. झाडाकडे परत जाऊन ते काय करते हे नीट पाहिल्यावरच पुढे सरकता आले. मात्र मोरचुदाचा चालक, तेलाचा थर आणि गॅलॅक्टोजची सुट्टी यांपैकी काहीही झाडात नाही.

शेवटचा टप्पा उजेडाचा

आर्टिमिसिनिक आम्लापासून आर्टिमिसिनिन करण्याचे काम यीस्टकडे दिले गेले नाही, कारण झाडातही ते काम कोणते विकर करत असल्याचा पुरावा नव्हता. रोमांमध्ये साठलेल्या डायहायड्रोआर्टिमिसिनिक आम्लावर सूर्यप्रकाश आणि हवेतला ऑक्सिजन यांची क्रिया होते आणि पेरॉक्साइड पूल आपोआप तयार होतो, असे मानले जाते. म्हणजे झाड अर्धे काम स्वतः करते आणि उरलेले उन्हावर सोपवते.

सानोफी २००८ साली या प्रकल्पात आली आणि तिच्या रसायनशास्त्रज्ञांनी हेच सूत्र कारखान्यात आणले. आधी आर्टिमिसिनिक आम्लावर हायड्रोजन चढवून त्याचे डायहायड्रो रूप केले जाते. नंतर प्रकाश शोषणाऱ्या पोर्फिरिन रंगद्रव्याच्या साहाय्याने, पाऱ्याच्या दिव्यांखाली, साध्या ऑक्सिजनचे अधिक क्रियाशील अशा सिंग्लेट ऑक्सिजनमध्ये रूपांतर होते. आणि तो रेणूवर बसला की आम्लाच्या मदतीने सांगाडा घडी घालून बंद होतो. आम्लातील निम्म्याहून थोडे अधिक द्रव्य अखेरीस आर्टिमिसिनिन म्हणून हाती येते. अमायरिसने आपल्या शोधनिबंधात दिव्यांऐवजी हायड्रोजन पेरॉक्साइडपासून सिंग्लेट ऑक्सिजन मिळवण्याचा पर्याय दिला होता, कारण प्रकाशरसायनाची यंत्रे साध्या कारखान्यांकडे नसतात. टनावारी उत्पादनात प्रकाश वापरणे औषधउद्योगात दुर्मीळच आहे. दिवे तापतात, द्रव ढवळत ठेवावा लागतो, उजेड थोड्याच अंतरापर्यंत पोहोचतो, आणि ऑक्सिजन व ज्वालाग्राही द्रावक एकत्र ठेवणे धोक्याचे असते. हे सर्व सांभाळून यंत्रणा चालली, याचे श्रेय रसायन अभियंत्यांना फारसे कोणी देत नाही.

साखरेचे किण्वन बल्गेरियातील ह्यूवेफार्मा या कंपनीच्या टाक्यांत आणि आम्लाचे रूपांतर गारेसिओत अशी विभागणी झाली. मे २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या अर्धसंश्लेषित आर्टिमिसिनिनला पूर्वपात्रता, म्हणजे दर्जा तपासून दिलेली मान्यता, दिली. त्या वर्षासाठी ३५ टनांचे आणि पुढच्या वर्षासाठी ५० ते ६० टनांचे, म्हणजे ८ ते १५ कोटी उपचारांना पुरेल इतक्या उत्पादनाचे लक्ष्य जाहीर झाले. ऑगस्ट २०१४ मध्ये या द्रव्यापासून बनवलेल्या औषधाच्या १७ लाख मात्रा आफ्रिकेतील सहा देशांकडे रवाना झाल्या.

भाव

सानोफीने आपल्या आर्टिमिसिनिनचा दर ना नफा ना तोटा या तत्त्वावर किलोला ३५० ते ४०० डॉलर ठेवला होता. २०११ च्या चढ्या भावाच्या तुलनेत तो उत्तम होता. पण त्याच चढ्या भावाने शेतकऱ्यांना पुन्हा लागवडीकडे ओढले होते, आणि यीस्टचा माल बाजारात उतरेपर्यंत शेतातल्या आर्टिमिसिनिनचा भाव किलोला २५० डॉलरच्या खाली गेला होता. दरम्यान झाडही सुधारत होते. इंग्लंडमधील यॉर्क विद्यापीठाने २०१० साली आर्टिमिसिया ॲन्युआचा जनुकीय नकाशा प्रसिद्ध करून अधिक उत्पन्न देणाऱ्या संकरित वाणांचा मार्ग मोकळा केला होता, आणि त्या कामालाही पैसा गेट्स फाउंडेशनचाच होता. एकाच देणगीदाराने शर्यतीतल्या दोन्ही घोड्यांना दाणा घातला, यात मला विसंगती दिसत नाही. उलट ती शहाणपणाची खबरदारी होती, फक्त दोन्ही घोडे एकाच वेळी पोहोचले तर काय करायचे हे ठरलेले नव्हते.

खरेदीदारांच्या बाजूने पाहिले तर चित्र अधिक उघड होते. या संयुक्त औषधांचा मोठा पुरवठा भारतीय कंपन्यांकडून होतो, आणि त्यांतील इप्का, सिप्ला, अजंता फार्मा या पूर्वपात्रता मिळालेल्या कंपन्या मुंबईच्या आहेत. निविदा सर्वांत कमी दराला मिळते अशा व्यवहारात, शेतातला माल किलोमागे शंभर डॉलरने स्वस्त मिळत असताना, आपल्याच क्षेत्रातील एका मोठ्या स्पर्धकाकडून महाग कच्चा माल घेण्याचे कारण या कंपन्यांना नव्हते. दोन्हींतील रेणू एकच आहे. गोळी घेणाऱ्या रुग्णाला आणि ती विकत घेणाऱ्या सरकारी खात्याला तो कोठून आला याने फरक पडत नाही. स्थिर पुरवठा हा गुण सर्वांना हवा होता, पण निविदेच्या कागदावर त्यासाठी रकाना नव्हता.

येथे शेत आणि कारखाना यांच्यातील एक मूलभूत फरक लक्षात घ्यावा लागतो. कापणी झालेली पाने शेतकरी घरात ठेवू शकत नाही. खर्च आधीच झालेला असतो, म्हणून मिळेल त्या भावाला तो विकतो आणि पुढच्या हंगामात मका लावतो. कारखाना मात्र साखर विकत घेण्याआधीच थांबू शकतो. त्यामुळे भाव पडला की पहिल्यांदा थांबतो तो कारखाना, आणि २०१५ चे शून्य त्यातूनच आले. या शेतकऱ्यांची संख्या एक लाखाच्या आसपास असल्याचा अंदाज दिला जातो. यीस्टमुळे त्यांचे पीक संपेल अशी भीती काही संघटनांनी आग्रहाने मांडली होती. प्रत्यक्षात भाव त्यांच्याच मालाच्या सुकाळाने पडला. ती भीती निराधार होती असे मात्र मी म्हणणार नाही, कारण भाव ४०० डॉलरच्या वर राहिला असता तर तीच खरी ठरली असती.

शून्याचा अर्थ

या शून्याकडे पाहण्याचा दुसराही एक कोन आहे. प्रकल्पाचे एक उद्दिष्ट स्थिर पुरवठा हे होते. भाव चढला की उत्पादन सुरू करणारा आणि उतरला की थांबणारा कारखाना हाच तर भाव स्थिर ठेवणारा घटक असतो, कारण टंचाईच्या वर्षी ४०० डॉलरच्या वर कोणी भाव मागू शकत नाही. शेतातल्या पिकाची गोळी व्हायला दीड वर्ष लागते, तर टाकीतल्या किण्वनाला काही दिवस. त्या अर्थाने २०१५ मध्ये यंत्रणा थांबली हे तिच्या कामाचेच लक्षण म्हणता येईल. पण असे काम करवून घ्यायचे असेल तर थांबलेल्या काळातील खर्च कोणीतरी उचलावा लागतो. वर्षभर शहरात आग लागली नाही म्हणून अग्निशमन दलाचा बंब कोणी भंगारात काढत नाही, कारण त्याचा पगार आणि पेट्रोल महापालिका देते. गारेसिओच्या बाबतीत महापालिकेच्या जागी कोणीच नव्हते. सानोफीकडून ना नफा ना तोटा या तत्त्वाची अपेक्षा होती, आणि माल न विकता बसून राहणे हा सरळ तोटा होता.

२००४ च्या आखणीत ही तरतूद असायला हवी होती असे माझे मत आहे, आणि ते केवळ मागाहून सुचलेले शहाणपण नव्हे. भाव दीड वर्षाच्या अंतराने वरखाली होणार हे कृषी अर्थशास्त्रात नवे नव्हते, आणि जनुके, विकरे व टाक्या तयार व्हायला दशकभर लागेल हेही संशोधकांना ठाऊक होते. किमान काही टनांची हमीची खरेदी, किंवा राखीव साठा ठेवणारी एखादी आंतरराष्ट्रीय व्यवस्था, यांपैकी एखादी गोष्ट प्रयोगशाळेच्या अनुदानाबरोबरच ठरवता आली असती. त्याऐवजी असे गृहीत धरले गेले की पुरेसे स्वस्त झाले की बाकीचे बाजार पाहून घेईल. लिटरमागे २५ ग्रॅम हा आकडा वीस किंवा तीस असता तर निकाल बदलला असता का, यावर तंत्रज्ञांमध्ये चर्चा होते. पण स्पर्धक भाव दोन-तीन वर्षांत शेकडो डॉलरने हलत असताना पाच ग्रॅमच्या फरकाने फार काही साधले नसते.

अमायरिसचा पुढचा प्रवासही या संदर्भात पाहण्यासारखा आहे. आर्टिमिसिनिनसाठी मजबूत केलेली फार्नेसिल पायरोफॉस्फेटपर्यंतची वाट तिने फार्नेसीन या इंधन व रसायन म्हणून उपयोगी द्रव्याकडे वळवली, ब्राझीलमधील उसाच्या रसावर कारखाना चालवला, आणि त्यातून सौंदर्यप्रसाधनांत लागणारे स्क्वालेन बनवले. ते द्रव्य पूर्वी मोठ्या प्रमाणावर शार्क माशाच्या यकृताच्या तेलातून येत असे. प्रसाधनांचा ग्राहक अधिक पैसे मोजायला तयार असतो. तरीही ऑगस्ट २०२३ मध्ये कंपनीने दिवाळखोरीच्या संरक्षणासाठी अर्ज केला.

कंबोडियाच्या पश्चिम भागात, पाइलिन परिसरात, आर्टिमिसिनिनला सावकाश प्रतिसाद देणारे परजीवी २००९ पर्यंत नोंदवले गेले होते, आणि नंतरच्या काळात रवांडा व युगांडातही तशी लक्षणे दिसू लागली. याला उत्तर म्हणून एका जोडीदार औषधाऐवजी दोन जोडीदारांसह तिहेरी उपचार देण्याच्या चाचण्या झाल्या आहेत. त्यांतही आर्टिमिसिनिन गटातील औषध कायमच आहे, म्हणजे त्याची मागणी लगेच ओसरेल अशी चिन्हे नाहीत. गारेसिओचा कारखाना सानोफीने ह्यूवेफार्माला, म्हणजे ज्या कंपनीच्या टाक्यांत यीस्ट आंबत होते तिलाच, विकण्याचे २०१६ साली ठरवले. किण्वन आणि प्रकाशरसायन ही वाटेची दोन्ही टोके अशा रीतीने एका हाताखाली आली, आणि तो हात मुख्यतः गुराढोरांच्या व कोंबड्यांच्या औषधांचा व्यवसाय करणाऱ्या कंपनीचा आहे.